देवराईतील झाडे आणि माणसांचे समाज यांना एकच गणित लागू होते का? संशोधनाच्या विषयासाठी मार्गदर्शन हवे

अनन्तिका (प्रश्न)

जाणकार सदस्यांना नमस्कार. मी गणित विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून संभाव्यताशास्त्र आणि मार्कोव्ह साखळ्या (पुढची अवस्था फक्त आताच्या अवस्थेवरून ठरते अशा यादृच्छिक प्रक्रिया) हा माझ्या विशेष अभ्यासाचा भाग आहे. पुढे पीएच.डी. करण्याचे मनात आहे. परंतु विषय ठरवताना मी अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे आजोळ सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची राई आहे. पाणथळ जागेत वाढणारी ही झाडे, चिखलातून गुडघ्यासारखी वर येऊन पुन्हा खाली जाणारी त्यांची मुळे आणि देवाची म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ती अडीच हेक्टरांच्या आसपासची जागा आता शासनाने जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राईही अशीच. या दलदली आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि एकमेकींपासून तुटलेल्या आहेत. एकही झाड तोडले नाही, तरी केवळ संख्या कमी असल्यामुळे त्यांचा वंश दुबळा होत जाईल का, हा माझा पहिला प्रश्न.

माझी मोठी बहीण सिकलसेल तपासणीच्या कामात आहे. तिच्यामुळे मानवी आनुवंशिकीवरील काही लेख वाचले. काही आजार ठरावीक समाजांतच अधिक का आढळतात याचे विवेचन वाचताना, झाडांवरील लेखांत भेटलेलीच सूत्रे मला जशीच्या तशी पुन्हा भेटली. हा योगायोग आहे की या दोहोंच्या तळाशी खरोखरच एक गणित आहे? असल्यास ते मला कोठवर नेईल? माझ्या एका प्राध्यापकांचे म्हणणे असे, की दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, मग तीन विषयांची गोष्टच नको. त्यांच्या मताचा मला आदर आहे, तरीही या वाटेने कोणी गेले आहे का आणि त्यांना काय सापडले, हे समजून घ्यावेसे वाटते.


हरात्मक (उत्तर)

तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की तो योगायोग नाही. लोकसंख्या आनुवंशिकी या शाखेचा जन्मच गणितातून झाला आणि तिच्या मूळ समीकरणांना समोर झाड आहे की माणूस याने फरक पडत नाही. त्यांना हवी असतात जनुकाची रूपे, पिढ्या आणि पुढच्या पिढीला जन्म देणाऱ्यांची संख्या.

सुरुवात १९०८ सालापासून करता येते. ठेंगण्या बोटांचे लक्षण प्रबळ असेल, तर कालांतराने समाजात तीनास एक या प्रमाणात तशीच माणसे दिसू लागतील काय, असा प्रश्न इंग्लंडमध्ये एका चर्चेत निघाला होता. आनुवंशिकीचे अभ्यासक पनेट यांनी तो आपले गणिती मित्र जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवला. हे तेच हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेतले. हार्डींनी ‘सायन्स’ नियतकालिकाला पाठवलेल्या छोट्याशा पत्रात दाखवून दिले, की जोड्या यादृच्छिक असतील आणि बाहेरचा कोणताही परिणाम नसेल, तर प्रबळ लक्षण वाढत जात नाही व अप्रबळ लक्षण मरतही नाही. जनुकाच्या दोन रूपांचे प्रमाण प आणि क असेल, तर पुढच्या पिढीपासून प², २पक आणि क² हे प्रमाण स्थिर राहते. त्याच वर्षी श्टुटगार्टमधील वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले. यातून आजही रोजच्या कामाचा हिशेब निघतो. एखादा अप्रबळ आजार १०,००० जन्मांत एक असा आढळत असेल, तर क ०.०१ येतो आणि वाहकांचे, म्हणजे सदोष रूपाची एकच प्रत बाळगणाऱ्यांचे, प्रमाण जवळजवळ ५० माणसांत एक इतके निघते. रुग्ण दुर्मीळ असले, तरी वाहक दुर्मीळ नसतात, ही गोष्ट या एका ओळीच्या बीजगणितातून कळते.

परंतु तुमचा प्रश्न खरा सुरू होतो तो संख्या मर्यादित असते तेव्हा. समजा, प्रजननक्षम व्यक्तींची संख्या ‘न’ आहे, म्हणजे जनुकाच्या प्रती २न. पुढच्या पिढीतील प्रत्येक प्रत ही आधीच्या पिढीतील एका प्रतीची यादृच्छिक निवड आहे असे धरले, की द्विपद वितरणाने चालणारी मार्कोव्ह साखळी तयार होते. तिच्या दोन अवस्था शोषक, म्हणजे एकदा पोहोचल्यावर परत न फिरता येणाऱ्या, आहेत: जनुकाचे एक रूप पूर्ण नाहीसे होणे किंवा तेच एकटे उरणे. १ सोडून तिचे सर्वांत मोठे आयगेनमूल्य १ − १/(२न) असते, आणि विषमयुग्मजता (एका व्यक्तीत जनुकाची दोन वेगळी रूपे असण्याचे प्रमाण) दर पिढीला याच गुणकाने घटते. प्रजनन करणारी झाडे ५० असतील, तर दर पिढीला शेकडा १ इतकी विविधता हरवते आणि दहा पिढ्यांनंतर मूळ विविधतेच्या सुमारे ९० टक्के शिल्लक राहते. तीच झाडे १० असतील, तर दहा पिढ्यांनी ६० टक्क्यांच्या आत येते. कुऱ्हाड लागली नाही, रोग आला नाही, तरीही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे गणिताच्या अंगाने उत्तर ‘होय’ असेच आहे.

येथे मोजायची संख्या म्हणजे शिरगणती नव्हे. १९३१ मध्ये अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ सूअल राइट यांनी प्रभावी संख्येची, म्हणजे तितक्याच वेगाने विविधता हरवणाऱ्या आदर्श समूहातील व्यक्तींच्या संख्येची, जी कल्पना रुजवली, ती या सगळ्याच्या मध्यभागी आहे. रानजायफळात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. समजा, एखाद्या राईत फुलणारी ५० झाडे आहेत, पण त्यांतील नर पाचच आहेत. प्रभावी संख्या म्हणजे ४ गुणिले ५ गुणिले ४५, भागिले ५०, म्हणजेच १८. पाहणाऱ्याला ५० झाडे दिसतात, आनुवंशिकीच्या लेखी ती १८ आहेत.

संख्या पिढीगणिक बदलत असेल, तर सरासरी साधी नव्हे, हरात्मक (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) घ्यावी लागते. पाच पिढ्यांत संख्या १,०००, १,०००, १०, १,००० आणि १,००० अशी असेल, तर साधी सरासरी आठशेच्या वर जाते. हरात्मक सरासरी मात्र ४८ येते. एका पिढीची अडचण पुढच्या सगळ्या भरभराटीवर सावली धरून राहते. हे विधान दुष्काळात किंवा वृक्षतोडीत सापडून वाचलेल्या राईला जितके लागू आहे, तितकेच मोजक्या कुटुंबांपासून वाढलेल्या मानवी समाजालाही लागू आहे. तुम्हाला दोन्हीकडे तीच सूत्रे का भेटली, याचे कारण हे आहे.


तिळारी (उत्तर)

हरात्मक यांचे विवेचन मला पटते, तरीही रानात काम करणारी वनस्पतिअभ्यासक म्हणून काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते, कारण येथूनच गणिताच्या विद्यार्थ्याला खरे काम मिळेल.

वरील साखळीत पिढ्या एकामागून एक येतात असे गृहीत आहे. झाडांत तसे होत नाही. शंभर वर्षांचे झाड आणि पंधरा वर्षांचे झाड एकाच मोसमात फुलतात. त्यामुळे राई तुटून एकाकी झाली, तरी मोठ्या झाडांत पूर्वीची विविधता दीर्घकाळ शाबूत दिसते, कारण ती झाडे तुटण्याआधीच्या काळात रुजलेली असतात. मोठ्या झाडांची पाने तपासून राई सुरक्षित आहे असा निर्वाळा देणे म्हणूनच धोक्याचे ठरते. मोठी झाडे, हाताएवढी रोपे आणि नुकतीच रुजलेली बियाणे असे तिन्ही थर वेगवेगळे तपासले, तरच घसरण लक्षात येते. एकमेकांत मिसळलेल्या पिढ्यांसाठी प्रभावी संख्या काढणे हे गणिताच्या दृष्टीने सोपे नाही आणि तेथे तुमच्यासारख्यांची गरज आहे.

रानजायफळाचे बी मोठे, त्याभोवती तांबडी जायपत्री, आणि ते गिळून दूर नेऊन टाकणारा मुख्य पक्षी धनेश. हे बी सुकले की मरते. ते महिनोन्‌महिने साठवून ठेवता येत नाही. फुले बारीक आणि त्यांवर येणारे कीटकही बारीक. एका राईतून दुसऱ्या राईत जनुके नेण्याचे काम म्हणूनच बव्हंशी धनेशावर अवलंबून असते. दोन रायांच्या मधले उंच झाडांचे रान गेले आणि तेथे रबर किंवा अननस आला, की धनेशाची ये-जा मंदावते आणि नकाशावर दहा किलोमीटरवर असलेल्या राया आनुवंशिकीच्या दृष्टीने फार लांब जातात. समीकरणातील स्थलांतराचा दर म्हणजे प्रत्यक्षात हा पक्षी आहे, हे अनन्तिका यांनी ध्यानात ठेवावे.

रोपवाटिकेबद्दलही सांगितले पाहिजे, कारण वृक्षसंवर्धनाच्या नावाखाली सर्वांत मोठी हानी तेथे होताना मी पाहिली आहे. बी गोळा करणारा माणूस साहजिकच रस्त्याजवळच्या, भरपूर लागलेल्या एकाच झाडाखाली बसतो आणि पोते भरतो. त्यातून हजारो रोपे तयार होतात, वनमहोत्सवात वाटली जातात, छायाचित्रे निघतात. पण एकाच मातृवृक्षाची ही रोपे सावत्र भावंडे असतात, आणि बाप कितीही वेगवेगळे असले, तरी अशा कितीही रोपांची प्रभावी संख्या चारच्या वर जात नाही. पाच हजार रोपे लावली तरी चारच. उलट, एकमेकांपासून अंतर राखून असलेल्या तीस मातृवृक्षांखालून मूठ-मूठ बी वेचले, तर खर्च फारसा न वाढता ही संख्या शंभराच्या पुढे नेता येते. एवढे एक गणित प्रत्येक वनपालाच्या वहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

देवरायांच्या अभ्यासाला आपल्याकडे शास्त्रीय पाया घातला तो माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी पश्चिम घाटातील देवरायांवर लिहिलेले लेख आजही वाचावेत. गाडगीळांचे उदाहरण तुम्हाला विशेष जवळचे वाटेल, कारण हार्वर्डमध्ये त्यांची पीएच.डी. गणिती परिसरविज्ञानातील होती. १९७१ मध्ये ते पुण्याला परतले आणि देवरायांच्या पायवाटा तुडवू लागले. पुढे भारतातील लोकसमूह कोठून आणि कसे आले या प्रश्नावर, आनुवंशिकीचे पुरावे हाताशी घेऊन, त्यांनी सहकाऱ्यांसह लेखनही केले. तुमचे तिन्ही विषय त्या एका माणसाच्या कामात आहेत.

परवानगीबाबत सांगायचे, तर वनखाते, जैवविविधता मंडळ आणि गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती यांची लेखी संमती लागतेच. कोकणात देवाला कौल लावल्याशिवाय राईतील फांदीही तोडत नाहीत. पानाचा नुसता तुकडा घ्यायचा असला, तरी गावकर आणि मानकऱ्यांना आधी भेटावे, काय नेणार व कशासाठी ते सांगावे आणि काम झाल्यावर निष्कर्षही त्यांना मराठीत कळवावेत.


सूक्ष्मदर्शी (उत्तर)

मी मानवी आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. आधी जे जुळते ते सांगतो, नंतर जे जुळत नाही ते.

जुळते ते असे. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू हे मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या समूहांचे जगप्रसिद्ध दाखले. पण त्या अभ्यासात ८१ समूह असे निघाले, की ज्यांच्यावरील मोजक्या पूर्वजांचा ठसा या दोहोंपेक्षाही ठळक आहे, आणि त्यांतील १४ समूहांची आजची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. दहा लाखांचा समाज आनुवंशिकीच्या दृष्टीने लहान कसा, याचे उत्तर वर आलेल्या हरात्मक सरासरीत आहे. पूर्वी कधीतरी मूळ कुटुंबे थोडी होती, नंतर समाज वाढला, पण विवाह जातीच्या आतच होत राहिले. त्यामुळे त्या थोड्या पूर्वजांपैकी एखाद्याच्या जनुकातील दोष आज हजारो घरांत आहे. दक्षिणेतील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाला शरीर नीट तोंड देऊ शकत नाही, असा एन्झाइमचा अभाव इतरांच्या तुलनेत कितीतरी अधिक आढळतो. हे माहीत असलेला भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न जास्त विचारतो, आणि त्या एका प्रश्नाने जीव वाचू शकतो.

सिकलसेलची कथा मात्र वेगळी आहे आणि ती या चौकटीत कोंबू नये. तेथे जेनेटिक ड्रिफ्टपेक्षा, म्हणजे जनुकांच्या प्रमाणात योगायोगाने होणाऱ्या बदलापेक्षा, नैसर्गिक निवडीचा हात मोठा आहे. वाहकाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, तर दोन्ही प्रती सदोष असलेल्याला आजार होतो. समजा, मलेरियामुळे सामान्य रक्त असलेल्यांचे पुढच्या पिढीतील योगदान शेकडा १० ने घटते आणि आजार असलेल्यांचे पूर्णपणे थांबते. तर संतुलनाला सिकल जनुकाचे प्रमाण ०.१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ९ टक्के, आणि वाहक सुमारे साडेसोळा टक्के येतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण गडचिरोली, नंदुरबार अशा मलेरियाच्या जुन्या पट्ट्यांत हे जनुक का टिकून राहिले, याची रीत त्यातून दिसते. तेव्हा एखादे जनुक कोठे अधिक आढळले, तर ते योगायोगाने वाढले की निवडीने राखले, हे वेगळे काढणे हाच मोठा गणिती प्रश्न आहे. सगळ्या जनुकांवर सारखा दिसणारा परिणाम हा समाजाच्या इतिहासाचा, आणि एकाच ठिकाणी वेगळा उठून दिसणारा परिणाम हा निवडीचा, अशी ढोबळ कसोटी आहे. ती झाडांनाही लावता येते.

आता जे जुळत नाही. राई दुबळी होत असेल, तर दुसऱ्या राईतून बी आणून मिसळावे, असा सल्ला देता येतो. माणसांच्या बाबतीत कोणी कोणाशी लग्न करावे हे सांगणे संशोधकाचे काम नाही. मामाच्या मुलीशी लग्न झाल्यास अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची संभाव्यता) १/१६ असतो, ही माहिती आपण द्यावी, तपासणीची सोय जवळ आणावी, समुपदेशन करावे. निर्णय त्या घराचा. झाडासाठी आपण ‘संवर्धन’ म्हणतो, तेव्हा समूह टिकवणे हे ध्येय असते; वैद्यकात ध्येय समोरच्या एका माणसाची प्रकृती हेच असते. एकाच समीकरणातून निघालेले दोन निष्कर्ष कृतीत असे वेगळे होतात, आणि प्रबंधात हा भेद पहिल्या प्रकरणातच यायला हवा.

या शास्त्राचा एक काळा इतिहासही आहे. गणिती आनुवंशिकीचे अनेक आद्य पुरुष सुप्रजननाच्या, म्हणजे माणसांची ‘वाण सुधारण्या’च्या चळवळीत होते. म्हणून ‘शुद्ध वंश’, ‘श्रेष्ठ रक्त’ असले शब्द आकडेवारीतून कोणी काढू पाहत असेल, तर त्याला आकडेवारीनेच उत्तर द्यावे. २००२ च्या एका अभ्यासात जगभरातील ५२ समूहांतील हजाराहून अधिक माणसांचे ३७७ मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतील पुनःपुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासले. एकूण विविधतेतील ९३ ते ९५ टक्के विविधता समूहांच्या आतच निघाली. गंमत म्हणून नव्हे, तर पद्धतीची ओळख म्हणून सांगतो: त्या कामात वापरलेली ‘स्ट्रक्चर’ ही संगणकप्रणाली २००० साली तयार झाली आणि आज वृक्षांच्या अभ्यासकांच्या संगणकावरही तीच असते.


जुनी दप्तरे (उत्तर)

या वाटेने कोणी गेले आहे का, या प्रश्नाच्या उत्तरात भर घालतो, कारण आपल्याच मातीतील सर्वांत नेमके उदाहरण अद्याप आलेले नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यात झाला. मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतात; पण ते व्यवसायाने गणिती होते आणि १९४५ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. त्या काळात त्यांनी अवघ्या चार पानांचा एक लेख ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये लिहिला. हे नियतकालिक १९५४ पासून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. प्रश्न असा होता: गुणसूत्रावरील दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटतात हे प्रयोगात मोजता येते, पण त्यांच्यामधील खरे अंतर काढायचे कसे? मध्ये दोनदा क्रॉसिंग ओव्हर (जोडीतील गुणसूत्रांनी आपापसांत तुकडे बदलणे) झाले, तर ती पुन्हा जोडलेलीच दिसतात आणि मोजणी चुकते. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते. त्यात एका ठिकाणच्या क्रॉसिंग ओव्हरचा शेजारच्या ठिकाणावर परिणाम होत नाही असे मानले होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी ते घडले, की लगतच्या भागात दुसरे घडण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी ही अडवणूक जनुके जवळ असताना जास्त आणि दूर असताना कमी होत जाते, असे धरून नवे सूत्र काढले. सुटण्याचे प्रमाण २० टक्के असेल, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरील अंतराचे एकक) येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२.

त्या चार पानांचे पुढे काय झाले ते पाहा. १९९४ मध्ये यूकॅलिप्टसच्या दोन जातींच्या संकरापासून गुणसूत्रांचा नकाशा काढण्याची जी पद्धत मांडली गेली, तिने दीर्घायुषी झाडांच्या आनुवंशिकीचा मार्गच बदलला. झाडांच्या अशा नकाशांत आजही अंतरे बहुधा ‘कोसंबी सेंटीमॉर्गन’मध्ये दिलेली असतात. माणसांच्या आजारांची जनुके शोधणाऱ्यांनीही हेच सूत्र वापरले. इतिहासकार कोसंबींना जगभर वाचणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते आणि रोज त्यांचे सूत्र वापरणाऱ्यांना इतिहासकार कोसंबी ठाऊक नसतात. पुढे हाल्डेनही १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

इरावती कर्वे यांचाही उल्लेख व्हायला हवा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ओयगेन फिशर यांच्याकडे मानववंशशास्त्रात संशोधन करत होत्या. मानवी कवट्यांच्या असमतेचा संबंध वंशाशी जोडता येतो, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. कवट्या मोजून झाल्यावर कर्वे यांनी असा संबंध दिसत नाही, असेच लिहिले. पुण्यात आल्यावर त्यांनी वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्रातील शरीरमापनाचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही (गटाच्या आतच लग्न करणाऱ्या) गटांची जैविक तुलना केली. त्याच मल्होत्रांनी पुढे गाडगीळांसह महाराष्ट्रातील नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीच्या पद्धती अभ्यासल्या. कोणता गट कोणते प्राणी, कोणत्या साधनांनी धरतो आणि त्यामुळे रानावरचा ताण कसा वाटला जातो, हे त्यात आहे.

संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचे अंतर, म्हणजे अनेक मापे एकत्र घेऊन दोन गटांतील फरक मोजण्याची रीत, हेही याच वंशावळीतले. ते जन्मले माणसांच्या शरीरमापनातून. आज मात्र आपल्या कृषी विद्यापीठांत पिकांच्या आणि झाडांच्या वाणांची विविधता मोजायला वापरले जाते. तुमच्या प्राध्यापकांना यातील एखादे उदाहरण अवश्य दाखवावे. या मंडळींनी तीन विषय गोळा केले नव्हते; प्रश्न एक होता आणि तो जेथे घेऊन गेला तेथे ती गेली.


अनन्तिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूक्ष्मदर्शी यांनी दाखवलेला भेद माझ्या लक्षात आला नव्हता. आता एकच विचारायचे आहे. प्रत्यक्ष नमुने गोळा करण्याच्या परवानग्या मिळायला वेळ लागेल आणि माझ्याकडे प्रयोगशाळेचा अनुभव नाही. पहिल्या वर्षात केवळ गणित आणि संगणक यांच्या आधारे, पुढे उपयोगी पडेल असे काय करता येईल?


हरात्मक

बरेच करता येईल. तिळारी यांनी मांडलेला पिढ्या मिसळण्याचा प्रश्न घ्या. नर-मादी वेगळी असलेली, दरवर्षी थोडी मरणारी, ठरावीक वयानंतर फुलणारी झाडे असलेली एक काल्पनिक राई संगणकावर उभी करा. प्रजनन करणारी झाडे, नरांचे प्रमाण, फुलण्याचे वय आणि शेजारच्या राईतून दर काही वर्षांनी येणारे एखादे बी, एवढेच चल ठेवा. मोठ्या झाडांतील आणि रोपांतील विषमयुग्मजतेत फरक दिसायला किती वर्षे लागतात, हे आलेखावर मांडा. त्यावरून किती रोपांची पाने तपासली म्हणजे घसरण खात्रीने ओळखता येईल, हेही काढता येते, आणि परवानगीच्या अर्जात नेमकी तीच संख्या लिहावी लागते. विनाकारण जास्त पाने तोडण्याची वेळ मग येणार नाही.

मानवी बाजूसाठी सध्या कोणाचेही रक्त घेण्याची गरज नाही. ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पातील २६ समूहांच्या २,५०४ व्यक्तींची माहिती खुली आहे आणि त्यांत पंजाबी, गुजराती, बंगाली, तेलुगू व तमिळ असे पाच दक्षिण आशियाई समूह आहेत. दोन व्यक्तींना समान पूर्वजाकडून मिळालेले गुणसूत्राचे तुकडे पिढ्यांगणिक लहान होत जातात. पूर्वज ग पिढ्यांमागचा असेल, तर तुकड्याची सरासरी लांबी १०० भागिले २ग सेंटीमॉर्गन धरतात, म्हणजे ५० पिढ्यांमागचा पूर्वज असेल तर सुमारे १ सेंटीमॉर्गन. या तुकड्यांच्या लांबीच्या वितरणावरून मागच्या काळातील प्रभावी संख्या काढण्याचा सराव करा, आणि मग तीच रीत तुमच्या काल्पनिक राईवर लावून पाहा. तेथे खरे उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत असेल, त्यामुळे रीत कोठे फसते ते स्वच्छ दिसेल. माझा अंदाज असा, की मिसळलेल्या पिढ्यांमुळे ती झाडांत अलीकडच्या घसरणीला कमी लेखेल. तसे निघाले, तर प्रबंधाचे दुसरे प्रकरण तुमच्या हातात आहे. वाचनासाठी किंगमन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या, काळात मागे जाऊन समान पूर्वजांपर्यंत पोहोचणाऱ्या कोएलेसंट प्रक्रियेपासून आरंभ करावा. मार्कोव्ह साखळ्या येत असल्यामुळे ती तुम्हाला जड जाणार नाही. नमुन्यांच्या अर्जाचा मसुदा मात्र आजपासूनच तिळारी यांच्याशी बोलून सुरू करावा, कारण रानजायफळाची फळे वर्षातून एकदाच पिकतात आणि तो मोसम हुकला, तर रोपांचा थर तपासायला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागेल.